वंचित गटांसोबत डिझाइन करायचंय? या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

"वंचित घटकांचा सहभाग घेतला जाईल" हे वाक्य हल्ली जवळपास प्रत्येक प्रपोजलमध्ये असतं, आणि प्रोजेक्ट सुरू झाला की ते वाक्य खरं करून दाखवायचं काम टीममधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाच्या गळ्यात पडतं. तो माणूस तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठीच लिहितोय. ॲप असो, अर्जाचा फॉर्म असो, दवाखान्याची वेटिंग रूम असो नाहीतर बसस्टॉप, पायऱ्या साधारण त्याच असतात, फक्त घाम वेगवेगळ्या ठिकाणी गळतो.

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पार्टिसिपेटरी डिझाइन म्हणजे जे लोक ती वस्तू किंवा सेवा वापरणार त्यांनी ती बनवायच्या निर्णयांत बसायचं, आणि ही पद्धत १९७० च्या दशकात नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या पट्ट्यात उभी राहिली. कारखान्यांत कॉम्प्युटर येत होते, आपलं कौशल्य आणि कामावरचा ताबा दोन्ही जाणार अशी कामगारांना धास्ती होती, तेव्हा नॉर्वेत क्रिस्टन नायगार्ड या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर बसून काम सुरू केलं. नंतर १९८१ ते १९८५ मध्ये यूटोपिया नावाचा प्रोजेक्ट झाला, त्यात वर्तमानपत्रांच्या छपाईतले कामगार आणि संशोधक यांनी पुठ्ठ्याचे खोके मांडून, त्यातल्या एका खोक्यावर चक्क "लेझर प्रिंटर" असं लिहून, अजून हातात न आलेल्या मशिनवर आपलं काम कसं चालेल ते करून पाहिलं.

हे सगळे किस्से सांगताना एक गोष्ट हमखास गाळली जाते. त्या कामगारांच्या मागे युनियन होती. मालकाला त्यांचं ऐकावंच लागायचं, नाही ऐकलं तर काम बंद पडलं असतं. आपण ज्यांना वंचित म्हणतो, म्हणजे अपंग माणसं, बेघर, निर्वासित, लिहिता-वाचता न येणारे, एकटे म्हातारे लोक, त्यातल्या बहुतेकांच्या मागे असं काही नसतं. तुमचं वागणं पटलं नाही तर ते फार तर दुसऱ्या वेळी येणार नाहीत, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ते "ड्रॉप आउट" म्हणून एका ओळीत संपतील. म्हणून माझ्या मते या कामातलं कौशल्य वर्कशॉप मस्त घेण्यात फारसं नाहीच, जी ताकद युनियनमुळे त्या कामगारांकडे आपसूक होती ती इथे पैशातून, वेळेतून, संघटनेतून आणि नकाराच्या हक्कातून मुद्दाम तयार करण्यात आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

पायरी १: आधी आपल्याच टीमला विचारा, अजून काय ठरलेलं नाहीये?

कुणालाही फोन करायच्या आधी टीमसोबत एक तास बसा आणि कागदावर तीन रकाने पाडा. पक्कं ठरलेलं, अर्धवट ठरलेलं, मोकळं. बजेट पक्कं, डेडलाइन पक्की, ॲपच करायचं हे पक्कं, कुणासाठी तेही पक्कं, आणि मोकळ्या रकान्यात फक्त रंग आणि आयकॉन असतील तर प्लीज लोकांना बोलावू नका, तुम्हाला साधं युजर टेस्टिंग (बनवलेली गोष्ट लोकांकडून वापरून बघणं) हवंय, ते करा, ते काही वाईट नसतं. वाईट काय, तर टेस्टिंगला सहभाग म्हणणं.

अमेरिकन धोरण-अभ्यासक शेरी अर्नस्टीनने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मधे माहिती देणं, मत विचारणं, एखादी खुर्ची देऊन गप्प करणं, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि सगळ्यात वर लोकांचा स्वतःचा ताबा. नवीन माणसं ही शिडी वाचून घाबरतात, आपण सगळ्यात वर नाही म्हणजे आपण ढोंगी, असं त्यांना वाटायला लागतं. तसं काही नाही. मत विचारण्याच्या पायरीवर असाल तर तसं सरळ सांगा की आम्ही तुमचं मत घेणार, निर्णय आमचा बॉस घेणार. लोक हे समजून घेतात. भागीदारी सांगून नुसतं मत घेतलं की मात्र ते लक्षात ठेवतात, आणि पुढच्या टीमलाही सांगतात.

"पण आमची कल्पना एवढी चांगली आहे की लोकांना आवडणारच" असं टीममध्ये कुणी म्हणालं तर त्याला प्लेपंपची गोष्ट सांगा. मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पाण्याचा पंप जोडायचा, मुलं खेळतील, पाणी टाकीत चढेल. दक्षिण आफ्रिकेतून ही कल्पना निघाली, २००६ मध्ये तिला अमेरिकेतून मोठ्या निधीचं पाठबळ जाहीर झालं, आणि आजूबाजूच्या देशांतही ते पंप बसले. प्रत्यक्षात मुलं काही दिवसभर खेळत नाहीत, मग पाणी भरायला आलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना ते चक्र हाताने फिरवावं लागायचं, ते जड जायचं, चारचौघांत कसंतरीच वाटायचं, आणि काही गावांत तर आधीचा चालू हातपंप काढून त्या जागी हा बसवलेला होता. रोज पाणी कोण भरतं, कधी भरतं, तिला काय पेलतं, हे त्या बाईंनाच आधी विचारलं असतं तर दुपारभरात कळलं असतं.

पायरी २: नेमकं कोण, ते ठरवा

"वंचित" नावाचा कुठलाच गट प्रत्यक्षात भेटत नाही. भेटतात ती माणसं, आणि त्यांच्या अडचणी एकमेकांशी जुळतीलच असं नाही. म्हणून गटाच्या नावापासून सुरू करू नका, तुमच्या वस्तूपासून करा. सध्याची सेवा वापरताना कोण दारातूनच परत जातं? कोण दुसऱ्याकडून करून घेतं? कोणाला दुप्पट वेळ लागतो? या प्रश्नांची उत्तरं काउंटरवर बसणाऱ्या माणसाला, सफाई कामगाराला, हेल्पलाइनवरच्या मुलीला आधीच माहीत असतात, त्यांना विचारा.

मग त्या गटाच्या आत बघा. अपंग माणसांना बोलवा म्हटलं की येतो तो व्हीलचेअरवरचा, शिकलेला, बोलका पुरुष. तो येऊ दे, त्याचं म्हणणं मोलाचंच आहे, पण त्याला बौद्धिक अपंगत्व असलेल्या बाईचं काय होतं ते कसं कळणार. तसंच बहिऱ्या लोकांचं. नवीन टीमला वाटतं की यांना ऐकू येत नाही ना, मग लेखी सर्व्हे पाठवू, झालं काम. पण जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक असते, आणि तिचं व्याकरण आजूबाजूच्या लिखित भाषेपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे तुमचा सर्व्हे त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेतला पेपर होतो.

कुणीतरी मीटिंगमध्ये "ही तर एज केस आहे", म्हणजे अगदी थोड्या लोकांचा प्रश्न आहे, असं म्हणणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात १.३ अब्ज लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, साधारण सहातला एक. हा आकडा पाठ करून ठेवा, कामाला येतो.

आणि हो, डोळ्यांवर पट्टी बांधून "अंध असणं अनुभवा" वगैरे टीम ॲक्टिव्हिटी करू नका. दहा मिनिटं पट्टी बांधून तुम्हाला फक्त घाबरायला होतं. वर्षानुवर्षं न बघता जगणाऱ्या माणसाने कमावलेल्या युक्त्या तुम्हाला त्यात दिसत नाहीत, आणि डिझाइनसाठी नेमक्या त्याच हव्या असतात.

पायरी ३: कुणाच्या ओळखीने जाताय ते बघा

थेट रस्त्यावर जाऊन लोक गोळा करू नका. त्या लोकांची स्वतःची संघटना, मंडळ, बचतगट, साधा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तिथून जा. इथे एक फरक नीट समजून घ्या. अपंगांनी स्वतः चालवलेली संघटना आणि अपंगांसाठी इतरांनी चालवलेली संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात, कलम ४.३ मध्ये, निर्णय घेताना अपंग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत सल्लामसलत करा असं म्हटलंय, आणि २०१८ मध्ये करारावरच्या समितीने खुलासा केला की प्रातिनिधिक म्हणजे त्यांनी स्वतः चालवलेल्या, आणि सल्लामसलतीत प्राधान्य त्यांच्याच मताला. बाकी वंचित गटांनाही हाच नियम लावा, चुकत नाही.

सेवा देणाऱ्या संस्थेमार्फत जावंच लागलं, आणि बऱ्याचदा लागतंच, तर दोन गोष्टी सांभाळा. एक, संस्था साहजिकच आपली "चांगली" माणसं पाठवते, तक्रार करणारी घरी राहतात, म्हणून तुम्हीच मागणी करा की ज्यांनी तुमची सेवा सोडली अशांनाही भेटायचंय. दोन, लोकांना वाटतं की नाही म्हटलं तर निवारा जाईल, रेशन जाईल, औषध बंद होईल. हे त्यांनी बोलून दाखवायची वाट बघू नका. संस्थेच्या माणसाकडूनच सगळ्यांसमोर वदवून घ्या की यायचं नसेल तर काही फरक पडणार नाही, आणि मग त्या माणसाला नम्रपणे खोलीबाहेर चहाला पाठवा.

पहिल्या भेटीत विचारायचा एक प्रश्न कायम लक्षात ठेवा: याआधी कोण कोण येऊन विचारून गेलं, आणि त्याचं पुढे काय झालं? काही गटांना इतक्या वेळा विचारलं गेलंय की ते वैतागलेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी समाजाने तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांची अपेक्षा, आणि आमच्याकडे यायचं असेल तर कुठल्या प्रक्रियेने यायचं तेही. जुने रिपोर्ट असतील तर आधी ते वाचा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, आणि "तुम्ही मागच्या वेळी हे सांगितलं होतं, ते आम्ही वाचलंय" एवढ्या वाक्याने समोरचे चेहरे बदलतात.

पायरी ४: पैसे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं लोक वाचतात आणि ही पायरी गाळतात.

मीटिंगमध्ये तुम्ही पगारावर बसलेले असता, तुमचा कन्सल्टंट तासाच्या रेटवर बसलेला असतो, आणि ज्याच्या ज्ञानावर अख्खा प्रोजेक्ट चाललाय त्याला नाश्ता आणि सर्टिफिकेट. हे बंद करा. मानधन द्या, आणि ते प्रपोजलच्या बजेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, "इतर खर्च" मध्ये टाकलं की पहिली कात्री तिथेच लागते. रोजंदारीवरच्या माणसाचा तुमच्यासोबतचा अर्धा दिवस म्हणजे बऱ्याचदा त्याचा पूर्ण दिवसाचा रोज बुडणं, ते धरून हिशोब करा.

पैसे त्याच दिवशी द्या. "बिल जमा करा, महिन्याने खात्यात येतील" हे ज्याच्याकडे महिनाभर थांबायची ऐपत आहे त्याच्यासाठी ठीक आहे. प्रवासाचा खर्च तर आधीच द्या. लहान मूल सांभाळायला कोण, म्हाताऱ्या आईजवळ कोण थांबणार, सोबत येणाऱ्या मदतनीसाचा प्रवास आणि जेवण, हे सगळं खर्चातच येतं. सांकेतिक भाषेचे दुभाषी लागणार असतील तर लांब मीटिंगला दोघं धरा, कारण ते काम डोक्याला इतकं थकवतं की साधारण वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करतात, आणि तुमचे शब्द, स्लाइड, नावं त्यांना दोन-तीन दिवस आधी पाठवा.

आता एक खाचखळगा, जो चांगल्या मनाच्या टीमला कळतच नाही. काही ठिकाणी सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या माणसाला मानधन मिळालं की ते उत्पन्न धरलं जातं आणि भत्ता कापला जाऊ शकतो. काही निर्वासितांना कायद्याने काम करायची परवानगी नसते. म्हणजे तुम्ही दिलेले पैसेच त्याला महागात पडू शकतात. म्हणून "कशा स्वरूपात दिलेलं तुम्हाला चालेल?" हे प्रत्येकाला वेगळं, खाजगीत विचारा, आणि तुमच्या अकाउंट्सवाल्यांशी महिनाभर आधीच बोलून ठेवा, कारण त्यांच्या सिस्टीममध्ये बँक खातं नसलेला माणूस बसतच नाही आणि शेवटच्या दिवशी भांडून ते होत नाही.

पायरी ५: संमती

चार पानी फॉर्म, खाली सही. वकिलाला बरं वाटतं, बाकी कुणाला नाही. ज्याने आयुष्यात सही केली की काहीतरी गमावलंय त्याच्यासमोर कागद सरकवला की तो एकतर घाबरतो नाहीतर न वाचता सही करतो. साध्या बोलीत सांगा, तोंडी संमती रेकॉर्ड करा (ज्या संस्थेच्या नियमात चालतं तिथे), आणि नंतर त्यालाच विचारा की मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू. त्याच्या उत्तरावरून कळतं तुम्ही किती नीट सांगितलंत ते.

बोलण्याची संमती वेगळी, फोटोची वेगळी, नाव छापायची वेगळी. ही एकत्र बांधू नका. मधेच उठून गेला तरी पैसे पूर्ण मिळणार हे आधीच सांगा. बौद्धिक अपंगत्व असेल तर कायद्याने पालकाची सही लागेलही कदाचित, पण त्या व्यक्तीचा स्वतःचा होकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि तोंड फिरवणं, गप्प होणं, उठून खिडकीशी जाणं हा नकार आहे असं धरा.

गोळा झालेल्या गोष्टी कुणाच्या, हेही इथेच ठरवायचं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, १९९० च्या दशकाच्या शेवटी ओकॅप नावाने तत्त्वं मांडली: आमच्याबद्दलच्या माहितीची मालकी, तिच्यावरचं नियंत्रण, ती बघायचा हक्क आणि तिचा प्रत्यक्ष ताबा, चारही आमच्याकडे. तुमच्या छोट्या प्रोजेक्टमध्ये एवढं जमलं नाही तरी रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसणार आणि त्याची कॉपी त्यांना कशी मिळणार एवढं तरी लेखी द्या.

पायरी ६: रिकाम्या हाताने जा

पहिली भेट त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला, लॅपटॉप न उघडता. उद्देश फक्त ओळख आणि पुढची भेट कुठे, कधी, कशी घ्यायची ते त्यांच्याकडून ठरवून घेणं. जागेला पायऱ्या आहेत का, संडास वापरता येतो का, आवाज घुमतो का, रात्री परत जायला गाडी आहे का, हे त्यांनाच विचारा, "आमचा हॉल ॲक्सेसिबल आहे" यावर कुणाचाही विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन दार मोजा.

पायरी ७: वर्कशॉप

स्टिकी नोट्स विसरा. म्हणजे कायमच्या नाही, पण निदान सुरुवातीला. पेन हातात देऊन "दोन मिनिटांत पाच आयडिया लिहा" म्हटलं की ज्याला लिहायचं टेन्शन आहे त्याची शाळाच सुरू होते, आणि शाळेत तो बहुधा नापास झालेला असतो. त्याऐवजी हाताने करण्यासारखं काहीतरी ठेवा. पुठ्ठा, दोरा, चिकटपट्टी, खरी वस्तू. यूटोपियातल्या खोक्यांचा फायदा हाच होता की त्यावर मत द्यायला कॉम्प्युटर समजायची गरज नव्हती, रोजचं काम समजत असलं की पुरे.

फोटोची पद्धत पण फार चांगली चालते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या संशोधकांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांमधल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले आणि आपापल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला सांगितले. मग फोटो समोर ठेवून त्यांनीच बोलायचं. याला पुढे फोटोव्हॉइस म्हणायला लागले. आता तर बऱ्याच जणांकडे फोन असतो त्यामुळे सोपंच झालंय, फक्त फोटोत दुसरी माणसं येणार असतील तर त्यांची परवानगी कशी घ्यायची हे आधी बोलून घ्या. जमिनीवर खडे, काड्या, खडू घेऊन नकाशा काढणं हीही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे, रॉबर्ट चेंबर्ससारख्या विकास-अभ्यासकांनी ग्रामीण अभ्यासात ती जगभर पसरवली, आणि तिच्यातला खरा मुद्दा असा की काठी किंवा खडू तुमच्या हातातून त्यांच्या हातात गेला पाहिजे आणि परत मागायचा नाही. अंध लोक गटात असतील तर तोच नकाशा दोऱ्याने आणि ठोकळ्यांनी, म्हणजे बोटांनी वाचता येईल असा.

प्रोटोटाइप, म्हणजे दाखवायला केलेला कच्चा नमुना, जितका चकाचक तितकी खोटी स्तुती जास्त. एकच, पूर्ण रंगवलेला स्क्रीन दाखवला तर लोक "छान आहे" म्हणतात, कारण तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, पैसे पण दिलेत, वर तोंडावर वाईट कोण म्हणणार. म्हणून दोन-तीन दाखवा, ओबडधोबड दाखवा, त्यातला एक मुद्दाम गडबडीचा असू द्या. "तुम्हाला आवडलं का" ऐवजी "यात तुमची शेजारीण कुठे अडकेल" असं विचारा. दुसऱ्याच्या नावाने तक्रार करणं सोपं जातं.

खोलीत कोण आहे याने काय बोललं जातं ते ठरतं. नवऱ्यासमोर बायको, केअरटेकरसमोर पेशंट, मुकादमासमोर मजूर, हे वेगवेगळे बसवा. त्याच गटातल्या एका माणसाला सह-फॅसिलिटेटर (तुमच्यासोबत वर्कशॉप चालवणारा) म्हणून घ्या, पगार देऊन, निदान एक पूर्ण दिवस तयारीला देऊन. कुठे हसायचं, कुठला शब्द टोचतो, कोण गप्प बसलंय आणि का, हे त्याला दिसतं, तुम्हाला दिसत नाही.

दुःखाच्या कहाण्या उकरू नका. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडून लॉकरचं डिझाइन हवंय ना, मग सामान कुठे ठेवता, रात्री काय जवळ घेऊन झोपता, काय चोरीला जातं, इतकंच विचारा. घर का सुटलं हे विचारायचं काही कारण नाही. त्याने स्वतःहून सांगितलं तर ऐका, आणि ते वाक्य प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर टाकायचा मोह आवरा.

आणि थांबा. प्रश्न विचारल्यावर खरंच थांबा. शांतता तुम्हाला जड जाते म्हणून तुम्ही लगेच दुसरा प्रश्न टाकता, आणि जो वाक्य जुळवत होता त्याचं राहून जातं.

पायरी ८: लोकांचं आपसात पटत नाही तेव्हा

पहिल्या प्रोजेक्टमध्ये हे झालं की नवीन माणूस गडबडतो, कारण त्याने धरलेलं असतं की "समुदाय" एका सुरात बोलेल. फुटपाथचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बर्कलीमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांच्या रेट्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर फुटपाथला उतार आले, पुढे बाबागाडीवाल्यांना, सामानाच्या ढकलगाड्यांना, सगळ्यांनाच त्याचा फायदा झाला, आणि ही गोष्ट डिझाइनच्या प्रत्येक भाषणात असते. पण भाषणात पुढचं येत नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाला फुटपाथची ती कड हवी असते, कारण रस्ता सुरू झाला हे त्याला तिच्यावरूनच कळतं. कड गेली तर तो नकळत वाहनांत. दोघांचंही बरोबर आहे. आणि यात मतदान घेतलं तर जो गट मोठा तो जिंकेल, दुसरा मरेल, अक्षरशः.

यातून वाट निघाली ती उंचवट्यांच्या फरशीने. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये पायाला आणि काठीला जाणवणारी फरशी तयार केली, १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसली, आणि आता उताराच्या तोंडाशी ती लावली की चाकंही जातात आणि काठीलाही कळतं. पण इतकं सोपंही नाही, कारण उंचवटे जास्त झाले की चाकाला आणि दुखऱ्या पायांना त्रास होतो, म्हणून उंची किती, पट्टा किती रुंद, कुठे सुरू, यावर परत दोघांना एकत्र बसावंच लागतं.

तर करायचं काय? दोन्ही गटांना आधी वेगवेगळं भेटा, म्हणजे प्रत्येकाला आपली गरज पूर्ण मांडता येते. मग एकत्र आणा, आणि कुणाला काय हवंय यापेक्षा ते नसेल तर नेमकं काय होतं यावर बोलायला लावा. "मला उतार हवा", "मला कड हवी" यात भांडण आहे. "मी रस्त्यावर अडकतो", "मला रस्ता कुठे सुरू झाला कळत नाही" यात डिझाइनला जागा आहे. कधीकधी जागा नसतेच, तेव्हा कुणाला जास्त धोका आहे ते बघून ठरवा आणि ज्याचं राहिलं त्याला तोंडावर कारण सांगा.

पायरी ९: निर्णयांची वही

एक साधी शीट ठेवा. तारीख, काय सुचवलं, कुणी (नाव नको असेल तर गट), काय ठरलं, कुणी ठरवलं, का. दर भेटीच्या सुरुवातीला मागच्या वेळचं वाचून दाखवा: हे तुम्ही सांगितलंत, हे केलं, हे केलं नाही कारण अमुक. पुढची भेट लांब असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत व्हॉइस मेसेज पाठवा, पीडीएफ नको.

निदान एक-दोन निर्णय पूर्णपणे त्यांच्या हातात द्या, आणि ते आधी लेखी करा, म्हणजे बॉसला नंतर "पण मला वाटतं" म्हणता येणार नाही. स्टीअरिंग कमिटीत (प्रोजेक्टचे मोठे निर्णय घेणाऱ्या समितीत) त्यांना घेणार असाल तर एकटं घेऊ नका, दोघं-तिघं घ्या. एकट्या माणसाला दहा अधिकाऱ्यांसमोर नाही म्हणायला जमत नाही, आणि तो न आला तर अख्ख्या गटाची खुर्ची रिकामी. मीटिंगचे कागद आठवडाभर आधी, साध्या भाषेत, आणि लागलं तर कुणीतरी बसून समजावून.

बॉसने सगळं फेटाळलं तर? होतं असं. वही घेऊन जा, पायरी १ मध्ये मोकळ्या रकान्यात काय लिहिलं होतं ते दाखवा, आणि तरीही ऐकलं नाही तर गटाला जसंच्या तसं सांगा. त्यांना प्रोजेक्ट सोडायचा असेल तर सोडू द्या, आणि रिपोर्टमध्ये त्यांच्या संघटनेचं नाव "सहभागी" म्हणून वापरू नका.

पायरी १०: निघताना

फंडिंग संपायच्या तारखेला निरोप घ्यायचा नाही, शेवटची तारीख पहिल्या भेटीतच सांगायची आणि मधे दोनदा आठवण करून द्यायची. नावं द्यायची असतील तर प्रत्येकाला विचारून, डिझायनरच्या नावांच्या शेजारी, खाली आभाराच्या बारीक अक्षरांत नाही. फोटो, रेखाटनं, पुठ्ठ्याची मॉडेल्स त्यांना हवी असतील तर त्यांचीच. बनवलेली गोष्ट बिघडली तर कुणाला फोन करायचा, तो फोन किती वर्षं चालू राहील आणि त्याचा खर्च कोण देणार, हे लिहून संघटनेकडे द्या. आणि सहा महिन्यांनी एक चक्कर मारायचे पैसे बजेटमध्ये आत्ताच बाजूला काढा, त्या चक्करचंही मानधन धरून, कारण वस्तू वापरात आल्यावर कळतं ते वर्कशॉपमध्ये कधीच कळत नाही आणि तोपर्यंत अकाउंट्सवाल्यांनी प्रोजेक्ट कोड बंद केलेला असतो.